पडद्याआधीचा खोकला

मंगळवार, दुपार

चिरंजीव धाकटीस,

बाबांचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांना दुसरं काम काय? तुझं पोट आता दिसायला लागलं असेल. जिना जपून उतर. ओल्या फरशीवरून घाईने चालू नकोस.

दुरुस्तीला घड्याळं पुष्कळ आली आहेत, पण माझा हात चालत नाही. त्याचं कारण फोनवर सांगता येईना. लिहायला बसलो तेव्हाही आधी कागद फाडलेच.

दादाचं बाळ वजन धरत नव्हतं. रडून थकायचं, झोपायचं, पुन्हा रडायचं. त्यात वहिनीला ताप भरला. दादा कामावर गेला की घरात मोठं माणूस मीच, आणि सुनेला असलं विचारायचं तरी कसं? शेजारीण म्हणाली, दूधच कमी असेल, पावडरचा डबा आणा. मी आणला. वहिनीने तो पाहिला आणि तोंड फिरवून रडली.

मग नर्सबाई तपासायला आल्या. आतल्या खोलीत त्यांनी तिला बाळाला पाजायला सांगितलं. मी बाहेर टेबलाशी होतो. जीव राहीना, म्हणून दोनतीनदा उठलो, नेहमीसारखा खोकलो आणि दाराच्या पडद्यापाशी गेलो.

आतून नर्सबाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला दमा आहे का?"

"नाही बाई."

"मग हे सारखं कशासाठी?"

सुनेच्या खोलीशी जाताना खोकावं, एवढीच माझी अदब. पण मी पडलो जन्माचा घाबरट. बाळाचा श्वास चाललाय ना, हिचा ताप चढला का, म्हणून घटकेघटकेला पडद्याशी. आणि नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं, मी खोकलो की ती पोरगी बाळाला ओढून बाजूला करायची, कपडे सावरायची. बाळ अर्धपोटी राहायचं, दूध अंगातच साठायचं. त्याचीच गाठ झाली आणि तापही त्यानेच आला. एवढं सोसलं, पण मला एका शब्दाने बोलली नाही.

नर्सबाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषध चालू आहे. दुखलं तरी पाजणं थांबवायचं नाही, असं बजावलंय. मी माझं टेबल उचलून खाली जिन्याजवळ नेलं.

काल तिनेच वरून हाक मारली. "बाबा, तिथे अंधारात डोळे फोडून घ्याल. वर या. तुम्ही घरात असताना पाजलं म्हणून आभाळ कोसळत नाही."

ती शाल पांघरून बसली, मी भिंतीकडे तोंड करून. बाळाच्या गिळण्याचा आवाज येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही दोघं लहान असताना मी बाहेर जाऊन बसायचो.

आज वजन केलं. थोडं चढलंय.

आता तुझ्यासाठी लिहितो. तुझ्या घरीही सासरे आहेत, भले गृहस्थ, माझ्यासारखेच जपून वागणारे. हे पत्र त्यांना वाचायला दे. त्यांना अवघडल्यासारखं होईल. मलाही लिहिताना झालं. हातात देववलं नाही, तर त्यांच्या चष्म्याखाली ठेव आणि निघून जा. पण ठेव.

ज्याचं काळजी करणं काही सुटायचं नाही असा,
तुझा बाबा