न पाहिलेलं स्वप्न

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकली असशील. रोज फोनवर तासभर डोकं खाणारी आपा आज पत्र कशाला लिहितेय म्हणशील. अगं, फोनवर तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तुझा आवाज ऐकला आणि मी माझ्या गुडघ्यांचं रडगाणं गात बसले. तुझा आवाज कानावर पडला की मी खोटं बोलते, ही सवयच जडलीय मला वर्षभरात. कागद मध्येच रडत नाही, उलट काही विचारत नाही, म्हणून कागद घेतला. दार लावून घे, आणि स्वतः वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. शेवटपर्यंत वाच. लहानपणी गोष्ट अर्धी टाकून गरागरा फिरत अंगणात पळायचीस, म्हणून तर तुला हे नाव पडलं. आज तसं करू नकोस.

तू मला वर्षभर एकच विचारत आलीस, माझी मोठी लेक शेवटी कशी दिसत होती. तेच सांगते. जिन्यावरून पडली, असा निरोप आला तेव्हा मी कुणाच्या तरी कुर्त्याला काज करत होते. सुई तशीच कापडात ठेवून गेले. तुला यायला दोन दिवस लागणार होते, आणि आपल्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. तेव्हा तिला शेवटची अंघोळ घालायचं माझ्याकडेच आलं. दुसरं कोण होतं? एकतीस वर्षं इथल्या बायकांना मीच न्हाऊ घालतेय. सासूबाईंनी शिकवलं होतं. हाताला कापड गुंडाळायचं, अंगावर चादर ठेवायची, चादरीखालून हात फिरवायचा. उजवी बाजू आधी. पाणी कोमट, आणि हात असा हलका की जणू जिवंत माणसाला लावतोय, कारण मयतालाही कळतं. शेवटच्या पाण्यात कापूर. आणि बजावलं होतं, जे चांगलं दिसेल ते लोकांना सांग, जे वाईट दिसेल ते पोटात ठेव. तू मयताचं झाकलंस तर कयामतीच्या दिवशी अल्लाह तुझं झाकेल. मी हे इतकं पाळलं की लोकांना नवल वाटायचं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण पडद्याआडचं एक अक्षर कधी बाहेर आलं नाही.

तुला सांगितलं होतं, चेहऱ्यावर नूर होता, झोपल्यासारखी होती. ते खरं आहे. चेहऱ्याबद्दल मी खोटं बोलले नाही, भिंगरी. मी चेहऱ्यावरच थांबले, एवढंच. पडलेल्या माणसाच्या अंगावर एकाच रंगाची खूण असते, हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. तुझ्या मोठीच्या दंडावर जांभळी खूण होती, पाठीवर हिरवट, आणि बरगड्यांवरची पार पिवळी पडलेली. माणूस एकाच जिन्यावरून तीन वेगवेगळ्या आठवड्यांत पडत नाही. पाणी ओतायला शेजारीण होती, तिनेही पाहिलं. तांब्या हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, ही काय म्हणते म्हणून. मी चादर वर ओढली आणि तिला म्हटलं, पाणी घाल. केसांच्या तीन वेण्या घातल्या. बाहेर आले तेव्हा मशिदीतल्या म्हाताऱ्या मुन्शींनी विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, सगळं ठीक.

का म्हटलं, ते आता ऐक. जावयाचं स्थळ मी आणलं होतं ना? त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेले होते, तर त्याने मला खुर्ची दिली, नाकावर चष्मा इतक्या हळूच बसवला, कानामागे टोचतोय का म्हणून चारदा विचारलं. काय तो मऊ आवाज! मी हुरळले. घरी येऊन तुला फोन लावला, की माशीला दुखवणार नाही असा मुलगा आहे. लग्नानंतर मोठी माझ्याकडे दोनदा आली. पहिल्यांदा नुसती बसून राहिली. दुसऱ्यांदा पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, खाला, मला इथेच राहू द्या, अम्मीला काही सांगू नका. तिची मावशी मी, काय केलं असेल? शहाणपण पाजळलं. म्हटलं, सबर कर बाळ, इथे सोसलेलं तिकडे बाग होऊन उभं राहतं. जन्नतीची सगळी दारं दाखवली मी तिला, माझं एक दार सोडून. पिशवी उचलून मीच तिला घरापर्यंत सोडून आले. त्याने हसून मला चहा विचारला. मी घेतला.

म्हणून त्या दिवशी तोंड उघडलं नाही. ते उघडलं असतं तर पहिलं माझंच नाव निघालं असतं. आणि मनाला समजवायला माझ्याकडे केवढं मोठं कारण होतं बघ. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय ना, कयामतीच्या दिवशी तोंडावर मोहर लागून ते बंद होईल आणि हात बोलतील, पाय साक्ष देतील, माणसाची कातडीच त्याच्याविरुद्ध बोलेल? चादर ओढताना मी मनात म्हटलं, त्याचे हात सांगतीलच की त्या दिवशी, मी कोण मध्ये बोलणारी? किती सोयीचं होतं गं! कयामतीवर ढकललं की आजचा घास घशाखाली उतरतो. सासूबाईंनी मला मयताचं झाकायला सांगितलं होतं, मारणाऱ्याचं नव्हे. एवढं साधं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

मग तू आलीस, कबरीच्या मातीला दुरून बघून परत गेलीस, आणि तुझे फोन सुरू झाले. तू जेवत नव्हतीस. ती अंधाराला भ्यायची, आत कशी असेल, म्हणायचीस. दोन फरिश्ते येऊन सवाल करतात तेव्हा ती बावरली असेल, तिला जवाब आठवले असतील का? कबर तिला आवळत तर नसेल? मी रोज सांगायचे, नेक मुलगी होती, तिची कबर दूरवर रुंद झाली असेल, खिडकीतून गार वारा येत असेल. तुझं समाधान होईना. त्यातच कुणीतरी तुझ्या कानावर घातलं की जावई तिच्यावर हात उचलायचा. तू मला विचारलंस, आपा, तू तिला शेवटचा हात लावलास, ती आली तर तुझ्याच स्वप्नात येईल, आली का? रोज तेच. आली का? आणि दीड महिन्याने एका दुपारी मी म्हटलं, आली.

शिंपीण आहे मी, एकदा टाका घातला की हात थांबत नाही. हिरवे रेशमी कपडे घातले तिला. बाग लावली, पाणी सोडलं, झाडाखाली बसवलं. तू विचारलंस, काही बोलली का? आणि माझ्या तोंडातून निघालं, म्हणाली, अम्मीला सांगा, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. तू रडलीस, मग हसलीस, मग म्हणालीस, आपा, आज भूक लागलीय. मला वाटलं, चला, एक पुण्याचं काम झालं! ती आली नव्हती, भिंगरी. एकदाही नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मी डोळे मिटले की काळोख असतो, नुसता काळोख. खोटं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीला जवाचे दोन दाणे देतील आणि म्हणतील, यांची एकमेकांना गाठ मार, आणि ती कधीच बसणार नाही. जन्मभर गाठी मारून बोटं झिजली माझी, आणि तीच एक गाठ माझ्या वाट्याला येणार आहे. ते मला मान्य आहे. त्याचं मी बघून घेईन.

पण तू काय केलंस? ते स्वप्न उचललंस आणि त्याच्यावर दुसरी मुलगी ठेवलीस, धाकटीही त्याच माणसाला दिलीस. मला सांगितलंस ते निकाह झाल्यावर, आपाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. मोठीची तक्रार नव्हती म्हणजे लोक उगाच बोलतात, तिचं घर तिच्याच बहिणीकडे राहील, असं म्हणालीस. मशीनवरचा माझा पाय थांबला. तेव्हा ओरडायला हवं होतं. मी मुबारक म्हटलं. चार महिने झाले त्याला. या चार महिन्यांत मी मागितली नसेल अशी दुआ उरलेली नाही, आणि एकीच्याही मागे उठून त्यांच्या दारापर्यंत गेले नाही.

मागच्या सोमवारी धाकटी आली होती. हसरी आहे गं ती, मोठीपेक्षाही. नवा कुर्ता शिवायचा म्हणाली. बाहीचं माप घ्यायला टेप दंडाला लावली तर तिने हात ओढून घेतला. मी बाही वर केली. रंग सांगत नाही तुला. दोन होते. मग मी तिला सगळं सांगितलं, तुला आता सांगितलं तसंच, पिशवीपासून स्वप्नापर्यंत, तिचे पाय धरून. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसा आपण म्हाताऱ्यांच्या फिरवतो. म्हणाली, खाला, तुमचं वय झालंय, तुम्ही दमलात. मयताच्या अंगाबद्दल असं बोलू नये, तुम्हीच शिकवलंत ना? आणि मग सांगते काय, माझी मोठी बहीण माझ्याही स्वप्नात येते. हिरव्या कपड्यांत. म्हणते, थोडं सोस, तुझी जागा माझ्याशेजारी राखून ठेवलीय. मी घडवलेलं तिला खरोखर दिसतं, भिंगरी! मी सांगितलेलं खोटं तिने मनापासून धरलं, आणि मी सांगितलेलं खरं तिने माझ्या वयावर घातलं. तो दुकानातून यायच्या आत पोचायला हवं म्हणून ती घाईने गेली.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेले. तिथला साहेब काही वाईट माणूस नव्हता, पाणी दिलं त्याने. पण म्हणाला, बाई, वर्षापूर्वी तुम्हीच मुन्शींना सांगितलंत काही नव्हतं, आज म्हणता होतं, मी कशावर विश्वास ठेवू? शेजारणीला बोलावलं तर तिने मला काही आठवत नाही म्हणून हात वर केले. तिला तरी काय बोलू, मीच तिला गप्प बसायला शिकवलं. धाकटी स्वतः बोलायला तयार नाही. साहेब म्हणाला, आई येऊन तक्रार देईल तर बघू.

माफी मागायला लिहिलं नाही मी. माणसाचं केलेलं माणसाने माफ केल्याशिवाय वरूनही माफ होत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तरी सांगते, करू नकोस. लिहिलं ते कालच्यामुळे. काल जावई घरी आला होता. धाकटीने भोळेपणाने त्याला सांगितलंय, खाला काहीबाही बोलते म्हणून. तो रागावला नाही. माझा चष्मा काढून पुसून दिला, कानामागे नीट बसवला, आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, खाला, तुम्ही फार केलंत, आता आराम करा. मशिदीच्या कमिटीशी बोललोय, यापुढे बायकांच्या मयतीला दुसरी बाई येईल, तिला सांगूनही ठेवलंय. माझ्यानंतर कोण हे मी कुणाला विचारलं नव्हतं. धाकटी वीस वर्षांची आहे, धडधाकट आहे, आणि तिच्या नवऱ्याने अंघोळ घालणारी बाई आधीच ठरवून ठेवलीय. पत्र पोचायला चार दिवस, तुला यायला दोन. तू वेळेवर येशील असं मला वाटत नाही. आता कशातच काही वाटत नाही. तरी नीघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, नुसती ये आणि तिची बाही वर कर. आणि येईपर्यंत उशीर झालेला असला, तर कुणालाही तिच्या अंगाला हात लावू देऊ नकोस. पडद्याआड तू जा. चादर तू काढ. नीट बघ, आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने सांग.

तुझीच,
आपा