मिशी काढलेलं भूत

रविवार, ४ मार्च १९७३. दुपार.
ही डायरी आमच्या विल्फची. नऊ फेब्रुवारीपर्यंत त्यानंच लिहिली. शेजारच्या ऑलिव्हनं सगळी वाचून दाखवली. 'ढगाळ. कबुतरं बरी.' दुसऱ्या दिवशी, 'ढगाळ. एक कबुतर खोकतंय.' बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी एकाही ओळीत नाही.

उरलेली पानं वाया का घालवा? मी, म्हणजे नेली, सांगणार, ऑलिव्ह लिहिणार. शाळेच्या वयात मी भावंडं सांभाळली, अक्षर शिकायचं राहिलं. अडलं नाही कधी.

तब्येत उत्तम. झोप उत्तम. अजून रडू आलेलं नाही, पण घाई नाही. (ऑलिव्ह, शेवटचं खोड. खोडलं म्हणते. बघू.)

सोमवार, ५ मार्च.
लेक आली, ब्रेंडा. म्हणे, आई, मन मोकळं कर एकदाचं. विल्फच्या दफनाच्या दिवशी पाद्रीसुद्धा माझ्या डोळ्यांकडे बघत होता, नळाला पाणी का नाही म्हणून प्लंबर बघतो तसा. म्हटलं, येईल तेव्हा येईल. तिला केक दिला. मीही खाल्ला. चव लागली नाही. ब्रेंडाचा केक आहे, त्यात काय.

बुधवार, ७ मार्च.
ऑलिव्हनं पेपरात वाचलं. सतरा तारखेला, शनिवारी सकाळी, थिएटरात मुलांच्या खेळाला भुतांचा सिनेमा. विल्फचा!

पंधरा वर्षांपूर्वी आपल्या टेकडीवरच्या हवेलीतच शूटिंग झालं. प्रेमळ भुतं हवी होती, म्हणून बस डेपोतले चार कंडक्टर उचलले. विल्फ सांगायचा, पडदाभर माझाच चेहरा. त्यासाठी त्यानं मिशी काढली. तीच मिशी काढ म्हणून मी वीस वर्षं त्याच्या मागे लागले होते. सूप तिच्यात, चहा तिच्यात. म्हणायचा, मिशी गेली तर मी कोण? आणि डायरेक्टरनं एकदा सांगितलं तर सकाळी साफ! आठवडाभर बोलले नाही मी. पुन्हा वाढवली नाही त्यानं. म्हणे, सिनेमावाले परत बोलावतील, तयार राहिलेलं बरं.

मला कधी नेलं नाही. म्हणे, पोरांचा सिनेमा, तुला कंटाळा येईल.

तर ठरलं. शनिवारी त्याचा चेहरा पडद्यावर आला की रडायचं. साडेदहा ते बारा. रविवारपासून घराची साफसफाई.

शनिवार, १० मार्च.
रंगीत तालीम म्हणून जाऊन आले, खुर्ची हेरून ठेवायला. दारात मॅनेजर ऑग्डेन. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, चष्मा घरी राहिला. (चष्मा मला नाहीच. ऑलिव्ह, हसू नकोस, लिही.) मग त्यानंच ओरडून वाचलं: सोबत लहान मूल असल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही. रांगेतली सगळी शेंबडी पलटण हसली. म्हटलं, बाबा, मी एकसष्ट वर्षांची आहे, आत हरवणार नाही. तर म्हणे, आजीबाई, एखादं पोर घेऊन या, मग बघू.

परत आले. तालीम उत्तम झाली.

मंगळवार, १३ मार्च.
पोर मिळालं. ब्रेंडाची डेबी, वय सात. तिच्या अटी दोन. एक, आइस्क्रीम. दोन, आजी, तू तिथे रडायचं नाहीस, माझ्या मैत्रिणी असतात. दोन्ही कबूल केल्या. दुसरी खोटी.

दोन रुमाल इस्त्री केले. एक माझा, एक विल्फचा.

शुक्रवार, १६ मार्च.
सरावाला तीन कांदे चिरले. ऑलिव्ह ढसाढसा रडली. मला काही नाही. म्हणजे उद्याचा साठा शाबूत आहे.

शनिवार, १७ मार्च. दुपारी दोन.
डेबीनं माझा हात धरला आणि ऑग्डेनला सांगितलं, ही माझ्यासोबत आहे. त्यानं सोडलं.

आत पोरांचा नुसता गोंधळ. मी रुमाल काढून बसले. एक राजा भूत आलं, तो नव्हे. एक जाडं भूत आलं, तोही नव्हे. मग एक लांब कोट आला. वर कॉलर. कॉलरच्या वर काही नाही.

ते भूत अख्खा सिनेमाभर आपलं हरवलेलं डोकं शोधत फिरतं. पोरं त्याला चहा देतात, ते कॉलरीत ओततं. थिएटर खदखदलं. तेवढ्यात हातात ट्रे घेतलेल्या त्या भुतानं दोन्ही कोपरांनी पँट वर सारली.

विल्फ. तिकिटाचं मशीन सांभाळत बसमध्ये अगदी असंच करायचा.

मी चेहऱ्याची वाट बघत राहिले. शेवटी डोकं सापडलं, तर ते भलत्याच माणसाचं. झुपकेदार मिशीचं.

डेबी म्हणाली, आजी, आजोबा कुठे? म्हटलं, तोच की. म्हणे, पण त्याला डोकं नव्हतं! म्हटलं, कधीच नव्हतं.

रुमाल कोरडे. परत कपाटात ठेवले.

रविवार, १८ मार्च. सकाळ.
साफसफाई काढली नाही. विल्फचा दाढीचा ब्रश तेवढा खिडकीतून उचलला, परत खिडकीत ठेवला.

ऑलिव्हला विचारलं, काय गं, डोकं नसलेल्या भुताला मिशी काढायला कोण सांगेल?

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, नेली, डायरेक्टर तर नक्कीच नाही.

पंधरा वर्षं. रोज सकाळी मिशी साफ. तयार राहिलेलं बरं म्हणे.

ऑलिव्ह विचारते, पुढे काय लिहू? म्हटलं, लिही, ढगाळ. ती म्हणते, अगं, बाहेर लख्ख ऊन पडलंय.

म्हटलं, मला ढगाळ दिसतंय. तू लिही.