रोशाच्या तेलावरचा आळ

मु. पो. शिरपूर
कार्तिक वद्य पंचमी

ती. सुकदेवभाऊ यांस,

अभिमनचा दंडवत. तुमची कंबर आता सायकलवर बसू देते का, ते कळवावे. इकडे तुमची बहीण मंजुळा, मुली आणि तांबडा बैल खुशाल आहेत. (बैलाचे वेगळे का लिहिले ते पुढे येते.)

तुम्ही जळगावच्या सरकारी शेतावरून पाठवलेली जंतूंच्या खताची बाटली ज्येष्ठात पोचली. हे जंतू हवेतला कस ओढून पिकाच्या मुळांना देतात, हे तुमचे म्हणणे मी मंजुळाला वाचून दाखवले, तिथेच चुकले. तिने जंतू हा शब्द फक्त प्लेगच्या साली ऐकलेला. "हाई बाटली मना घरमा नको," म्हणाली आणि बाटली गोठ्यात गेली. तिथेच ती गुळाच्या पाण्यात कालवून मी रोशा गवताचे ठोंब (तेलासाठी डोंगरावरून आणतो ते) त्यात बुडवले आणि अर्ध्या वावरात लावले. उरलेले अर्धे बिनजंतूंचे ठेवले, म्हणजे फरक कळावा. तेवढ्यात पातेल्यात उरलेले ते जंतूंचे पाणी तांबड्याने पिऊन टाकले. त्याला काही झाले नाही, पण पोळ्याला तुमच्या बहिणीने त्याला पुरणपोळी लांबून, काठीच्या टोकाला लावून भरवली. ते बघायला अर्धे गाव जमले होते.

फुलोरा आल्यावर दोन्ही गवते वेगवेगळी भट्टीवर चढवली. जंतूंच्या भागात सारख्याच भाऱ्यांतून तेल जास्त उतरले आणि वास इतका गुलाबी, की मीच दोनदा झाकण उघडून बघितले. ते घेऊन दोंडाईच्याला आपले तेलाचे व्यापारी लोटननाना यांच्याकडे गेलो. त्यांनी तळहातावर थेंब चोळला, हुंगला आणि डबा बाजूला सारला. "अभिमन, हाई तेल तुनं नही शे." मी अत्तर मिसळले असे त्यांना वाटले. (इतकी वर्षे लोक रॉकेल मिसळून आणत, त्यांना कोणी विचारले नाही.) ही गोष्ट पेठेत पसरली असती तर माझे तेल पुन्हा कोणी घेतले नसते. मी हात जोडून म्हणालो, "नाना, भट्टीजवळ येऊन बसा."

ते आले. दिवसभर धुरात बसले, गवत स्वतः भरले, भट्टीचे तोंड स्वतः लिंपले. पहिले थेंब पाण्यावर तरंगले तेव्हा त्यांनी बोट बुडवून हुंगले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आले. दुसऱ्या दिवशी पेठेत त्यांनी माझा सगळा माल घेतला आणि माझ्यासमोरच इतरांच्या तेलाच्या पिंपात ओतला. मुंबईच्या गिऱ्हाइकांना चांगल्याची सवय लागली तर पुढे पंचाईत, म्हणाले. मी घरी येऊन जेवलो नाही.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
अभिमन

ता. क. दुसरी बाटली पाठवाल तेव्हा तिच्यावर 'औषध' एवढेच लिहावे.

आणखी ता. क. पत्र खरे यासाठीच लिहिले. लोटननाना आपल्यातलेच. भट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवताना त्यांनी आपल्या थोरल्या लेकीला, सुनंदाला मागणी घातली. त्यांचा मुलगा भटू तुमच्या जळगावातच कापसाच्या जिनात कारकून आहे. गुपचूप चौकशी करावी. त्याला लहानपणापासून वास कळत नाही, म्हणून धंद्यात घेतला नाही, असे नानांनीच सांगितले. मंजुळा म्हणते, सुनंदाची फोडणी रोज करपते, तेव्हा याहून चांगले स्थळ मिळणार नाही.