तोरणाखालची झडती

प्रिय गणपत,

काल पोळा फुटला, आज तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत ओरडत आहेत आणि मी तुला लिहायला बसलो आहे. तू असतास तर ओट्यावर बसून सगळं सांगितलं असतं. आता चौथी पास माणसाच्या अक्षरात वाचून घे. काल आपण जिंकलो रे!

तू हे जग सोडलंस, त्यानंतरचा हा पहिला पोळा. गावच्या शामरावची ती झडती, तोरणाखाली बैल जमले की म्हणायचा तो चुटका, आठवते ना? एकाहत्तरच्या लढाईवरून तू परतलास, तेव्हापासून दर पोळ्याला तो तोरणाखाली तीच म्हणायचा:

"सवार झाला गणपत, घोडा नाई खाली,
लढाईत जाऊन गड्यानं हमालीच केली!"

टँकच्या पलटणीत शिपायाला सवार म्हणतात आणि तू तिथं गोळे उचलायचास, एवढंच त्याला ठाऊक. सारा गाव हसायचा. आणि तूही हसायचास! का हसायचास रे? तुझी कमल कधी हसली नाही. यंदा ती दाराआडून म्हणाली, "भाऊजी, त्यायच्या माघारी कोणी हमाल म्हटलं त मी बैलं तोरणाखाली धाडणार नाई. आता तुमीच पाहा."

मी काय पाहणार? मला चारचौघांत पाणी मागायचीही भीती. बैल घरी राहिले तर गाव काय म्हणेल? नेले आणि शामरावनं तोंड उघडलं तर कमल काय म्हणेल? जेवण जाईना.

मग तुझे चिंचोके आठवले. तू ओट्यावर मांडून रणगाड्यांचा हिशेब समजवायचास आणि मी भलतंच विचारायचो. "त्या डब्यात हवा येते काय? लघवीले कुठं जाता?" तू वैतागायचास, "दादा, आधी रेजिमेंट त समजून घे!" तीन टँकचा एक ट्रूप. चार ट्रूपचा स्क्वाड्रन. असे तीन स्क्वाड्रन मिळून रेजिमेंट, म्हणजे रिसाला, शिवाय साहेब लोकांचे टँक वेगळे. एका टँकमध्ये चौघं: हुकूम देणारा, चालवणारा, नेम धरणारा आणि गोळा भरणारा तू. गोळा अर्ध्या मणाचा, टँक उड्या मारतो, हात मागे घ्यायला चुकलास तर हातच गेला. ऐकून मी माझेच हात काखेत दडवायचो.

त्याच हिशेबाची झडती मनात जुळवून काल बैल तोरणाखाली नेले. शामराव खाकरला, "सवार झाला गणपत..." आणि मी ओरडलो, "थांब!" कासरा माझ्याच हातात होता, बैलही दचकले.

"अरे बापा! किसनले वाचा फुटली!" शामराव म्हणाला. "बोल ना, काऊन थांबला?"

मी डोळे मिटले आणि म्हणून टाकलं:

"तीन टँकचा ट्रूप बापा, चार ट्रूपचा मेळ,
तीन मेळांचा रिसाला, हा पोरांचा नाई खेळ!
चालवणारा चालवे, नेमवाला पाहे,
गणपतनं गोळा भरला नाई, तर तोफ मुकी राहे!"

हर बोला, हर हर महादेव! सारा पोळा गरजला रे! ढोलवाला थांबेना.

शामरावनं ढोलवाल्याला हातानं थांबवलं. "हे तुले गणपतनं सांगतलं? मले काऊन नाई सांगतलं?"

"तू कधी इचारलं काय? तू त गातच राह्यला!"

आता गाव त्याला हसला, आणि तोही हसला. मुठीत गुलाल घेऊन आला, तुझ्या दोन्ही बैलांच्या कपाळी फासला. "पाटील, यंदा मान या जोडीचा." पाटलांनी मान डोलावली. तुझे बैल तोरणाखालून पहिले गेले, गणपत! पहिले!

घरी कमल ताट घेऊन अंगणात उभी होती. डोक्यावर पदर, पण मान ताठ. ओवाळताना बैलांनाच म्हणाली, "ऐकलं ना?"

रात्रभर आनंदानं झोप नाही, आणि थोडी काळजीनंही. तू सांगायचास ती बिघडलेला टँक गोळीबारातून ओढून आणणारी गाडी, तिच्यावरचे तुझे मित्र, माझ्या झडतीत राहूनच गेले! त्यांना वाईट वाटलं तर?

म्हणून शब्द देतो. पुढच्या पोळ्याला त्यांची झडती म्हणेन. आणि डोळे उघडे ठेवून म्हणेन.

तुझा दादा,
किसन