कॅप्टनचा टप्पा

ती. आईस,

नमस्कार उभ्यानेच करते, गुडघा वाकत नाहीये. काळजी करण्यासारखं काही नाही.

काल क्लबची रिले शर्यत होती. माझे बारा किलोमीटर संपवून बॅटनऐवजी असतो तो खांद्यावरचा पट्टा पुढच्याला द्यायला पोचले, तर तो पुढचा, म्हणजे आमचा कॅप्टन, गाडीत बसून केळं खात होता. माझं डोकंच फिरलं. त्याचाही टप्पा मीच धावले. तो मागून बोंबलत होता, मी वळूनही पाहिलं नाही.

नियम मोडला म्हणून अख्खा संघ बाद झाला. कुणी माझ्याशी बोलत नाही. माफी मी मागणार नाही.

तू पाठीला लावतेस त्या तेलाचं नाव कळव. बाबांना यातलं काही सांगू नकोस. ‘माझीच मुलगी’ म्हणून खूश होतील, आणि मला तेवढंच नकोय.

तुझी धाकटी