डेनीसचं वय

अक्का,

शुगर लँडहून धाकट्याचा दंडवत. बीपी गोळीने आटोक्यात आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या देवळाची साफसफाई डेनीस करते. काळी अमेरिकन बाई, पांढरे केस, वाकलेली कंबर. रविवारी आरतीनंतर वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मी तिच्याही पडलो. ती हसतच सुटली. "अहो, मी सत्तेचाळीसची आहे!"

माझ्याहून लहान गं! शाळकरी वयापासून दोन-दोन नोकऱ्या, विमा नाही, गोळ्या अर्ध्या करून खाते. तिच्या आईच्या हातातही पन्नाशीतच काठी आली होती. मला बसून काम आहे, कंपनीचा विमा आहे, म्हणून मी तरुण दिसतो.

काल देवळाच्या समितीतला संजीव म्हणाला, "म्हातारी फार स्लो झाली यार, रिप्लेस करू."

"मी तिच्याहून मोठा आहे. आधी मला काढ."

"तू कुठे फरशी पुसतोस?"

"उद्यापासून तिच्याबरोबर पुसतो."

आज पुसली. कंबर धरली आहे, तुझ्या भावजयीला सांगितलेलं नाही.

शनिवारी समितीची बैठक आहे. डेनीसला काढलं, तर त्या देवळाची पायरी मी चढणार नाही. पूजा घरीच करीन. देव माझ्यावर रागावणार नाही, एवढी माझी त्याची ओळख आहे.

भाचरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रल्हाद