दातांसाठी आलेला पाहुणा

२ डिसेंबर
मामा येत नाही! सुट्टी रद्द. पण त्याचा मित्र रॉजर येतोय. एकटा. उद्या. नांदेडला.
सोमेश्वरमामा इंग्लंडातून ओरडून राहिला अन् आई नुसती फोन धरून उभी. "आक्का, लई गरीब माणूस हाय गं. माझ्यासंगं बेकरीत हाय. इथं दाताच्या डॉक्टरचा नंबरच लागत न्हाई, अन् खाजगीत गेलं तर घर इकावं लागंल. तिकिटाचं धरूनबी वसमत सस्तं पडतं."
वसमतला पुनमचा दातांचा दवाखाना आहे, शाळेत आम्ही एका वर्गात होतो. ती म्हणाली, पाठव, दात सगळ्यांचे सारखेच.
त्याच्याशी बोलायचं मात्र मला. मी इंग्लिश स्कूलची मॅडम. आमचं सगळं शिरड शहापूर आता माझ्या तोंडाकडं बघणार!

३ डिसेंबर
आला. उंच, लाल, साठीचा, गालाला हात लावलेला. तो जे बोलला त्यातलं मला फक्त "टी" कळलं. पहिलीला ए फॉर ॲपल शिकवणं वेगळं!
तातेरावकाकांनी त्याला जीपमधून उतरवून घेतलं. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, बाबा गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचाच. त्याला वरून खालपर्यंत बघून मोठ्यानं म्हणाले, "हे तर उकडलेलं रताळं हाय!"
काका तुमचं स्वागत करतायत, असं मी सांगितलं. रॉजरनं वाकून नमस्कार केला.

५ डिसेंबर
पुनमनं तपासलं. तीन दात काढायचे, दोन रूट कॅनल, मग ब्रिज, म्हणजे पक्के बसवलेले नवे दात. तीन-चार आठवडे लागतील.
संध्याकाळी शेजारची पारुबाई आली. "दातासाठी इतक्या लांब? तिकडच्यायला दात न्हाईत काय?" मग आपलंच तोंड उघडून त्याच्यापुढं बसली. "माझीबी दाढ बघ म्हणावं." त्यानं बिचाऱ्यानं मोबाईलच्या उजेडात बघितली. मान हलवली.
झालं!

६ डिसेंबर
सकाळी अंगणात सहा-सात जण. तोंडं उघडून. गावात पसरलंय — इंग्लंडचा दाताचा डॉक्टर आलाय, फुकट बघतो. मी घसा फोडून सांगितलं, हा पेशंट आहे! कुणी ऐकेना. शेवटी रॉजरनं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. आत बघून सगळे गपचूप घरी गेले.

८ डिसेंबर
तीन दात निघाले. चौथ्यावर मशीन लावलं अन् लाईट गेली. इन्व्हर्टर बिघडलेला. लाईट येईपर्यंत रॉजर आऽऽ करून बसून. पुनमनं चहा मागवला. आम्ही पिला, तो बघत राहिला.

११ डिसेंबर
चौकात बॅनर. "परदेशी पाहुण्यांचे हार्दिक स्वागत." फोटो सुजलेल्या गालाचा! खाली तातेरावकाकांचा, रॉजरपेक्षा मोठा.
सत्कारही झाला. शाल, नारळ अन् चिक्कीचा डबा. दात नसलेल्या माणसाला चिक्की! भाषण करा म्हणून आग्रह. तो दवाखान्यातून सरळ आलेला, ओठ बधिर. काय बोलला देव जाणे, पहिल्या रांगेवर थुंकी उडाली. टाळ्या मात्र जोरात.

१४ डिसेंबर
आई बोलायला लागलीय. माझ्याशी नाही — रॉजरशी.
त्याच्या तोंडात कापसाचा बोळा, हातात आंबिलीची वाटी. तो चुलीपाशी पाटावर बसतो अन् हिची टकळी चालू. म्हशीचं, जावांचं, लहानपणी विहिरीत पडली त्याचं. विहिरीचं तर मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, अगं त्याला काय कळतंय? म्हणाली, "म्हणून बोलू नाई का?"

१७ डिसेंबर
आज ऐकायला नको होतं ते ऐकलं.
शाळेतून लवकर आले. आईचा आवाज चुलीकडून.
"नंदीचे बाबा गेले त्या दिशी मला भूक लागली हुती बघा. लई. बाया रडून राहिल्या, अन् माझं ध्यान भाकरीच्या टोपल्याकडं. मागच्या दारी जाऊन खाल्ली. उभ्यानंच. माणूस वाईट नव्हता. पण आवाज चढायचा त्यांचा. त्यांच्यापुढं घास हातातच राहायचा माझ्या."
रॉजर खाली बघत होता. डोळ्यात पाणी. आई म्हणाली, "दुखून राहिलं व्हय? थांबा, लवंग देते."
मी तशीच मागं फिरले.

१८ डिसेंबर
बाबा माझ्यावर कधीच ओरडले नाहीत. कधीच!

२० डिसेंबर
आईशी तीन दिवस बोलले नाही. तिनं विचारलंही नाही, काहून गप्प. आज ताट वाढताना मी आठवून बघितलं — बाबांच्या शेजारी बसून जेवणारी आई. एकही वेळ आठवली नाही. बाबा जेवताना ती नेहमी उभी. मला वाटायचं वाढायला.

२९ डिसेंबर
ब्रिज बसला! रॉजर हसला अन् एकदम चांगला दिसला.
संध्याकाळी भाकरी, ठेचा, भरलं वांगं. काका खास आले, पारुबाई दारात. रॉजरनं ताटाला हात लावला नाही. शेजारचा रिकामा पाट सरकवला अन् आईकडं बघत राहिला.
काका खाकरले. "तुझी माय मागून बसंल. आमच्यात तसंच असतंय. सांग त्याला, नंदे."
मी सांगितलं नाही. आईचं ताट वाढून त्या पाटापुढं ठेवलं.
आई बसली. काकांच्या समोर. पहिला घास तिनं घेतला, मग त्यानं. दोन भाकरी खाल्ल्या आईनं, तिसरी मागितली! काका न जेवता उठले. पारुबाईनं त्यांच्या ताटातलं वांगं वाया जाऊ दिलं नाही.

२ जानेवारी
रॉजर गेला. जीप वळेपर्यंत दात दाखवत होता.

४ जानेवारी
मामाचा फोन. "रॉजरला मराठी समजतं की! बारा वर्षं एका भट्टीवर माझ्या शिव्या खाऊन राहिला. मी बोललो न्हवतो व्हय?" रॉजर त्याला म्हणाला म्हणे — आधी तोंडात कापूस होता, नंतर फार उशीर झाला होता.
मी धावत मोरीपाशी. आई भांडी घासत होती. घासतच राहिली.
"मला दुसऱ्याच दिशी कळलं. दूध उतू चाललंय म्हणले, अन् हा खोलीतून पळत आला."
"अन् तरी सगळं सांगत बसलीस?"
"मग काय भिंतीला सांगू?"